आतून पांढरा

आईचा कप आतून पांढरा करायचा, एवढंच ठरलं होतं.

गेल्या वर्षापासून आईला कपात चहा कुठवर आलाय ते दिसेनासं झालं होतं. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, नजर पूर्ण जाणार नाही, पण गडद वस्तूपुढे गडद वस्तू आली की त्यांना दोन्ही मिळून एकच दिसेल. आमच्या घरातले सगळे कप गडद. कारण ते मी केलेले. शनिवार-रविवार मी एका स्टुडिओत मातीची भांडी करायला जातो आणि तिथे आम्हा सगळ्यांना मिळून एकच ग्लेझ असतं, जुन्या कपाटाच्या रंगाचं. ग्लेझ म्हणजे भांड्यावरची ती काचेसारखी चकचकीत झिलई. त्या तपकिरी कपात तपकिरी चहा ओतताना आई अंदाजाने थांबायची, आणि अंदाज चुकला की चहा बशीत, बशीतून टेबलावर आणि टेबलावरून माझ्या वर्तमानपत्रातल्या अग्रलेखावर.

एकदा मी मागून पाहिलं तर तिने कपात बोट घालून ठेवलं होतं. चहा बोटाला लागला की थांबायचं, अशी युक्ती. बोटाचं टोक लालबुंद झालं होतं. माझी चाहूल लागताच तिने हात मागे घेतला आणि म्हणाली, "आज गारठा आहे, नाही?" बाहेर रणरणतं ऊन होतं.

आता कोणीही म्हणेल की बाबा रे, बाजारात पांढरे कप ढिगाने मिळतात. म्हणालेच. बायको म्हणाली, इस्त्रीवाला म्हणाला, आमच्या वरच्या मजल्यावर राहणारे रंगवाले म्हणाले. मी आणलेही सहा. पण आईच्या बोटांचे सांधे सुजलेले, आणि बाजारच्या कपाचा कान म्हणजे त्यात एक बोट जेमतेम शिरणार. याउलट मी केलेला एक कप होता. कान असा काही ऐसपैस झाला होता की त्यात चारही बोटं मावावीत. आमच्या स्टुडिओच्या बाईंनी तो पाहून "काका, हा कान कपाचा आहे की बादलीचा?" असं विचारलं होतं. (बाई माझ्या निम्म्या वयाच्या आहेत. मला काका म्हणतात. मी त्यांना बाई म्हणतो. यात अपमान नेमका कोणाचा होतो याचा मी अजून निकाल लावलेला नाही.) पण आईने तो कप हातात धरला आणि सोडेचना. म्हणाली, "हा बसतो बघ हाताला."

एवढ्यावर मी तसे आठ कप केले. बादलीच्या कानाचे. आकार सापडला होता, तो हाताला बसणारं माणूस सापडलं होतं, राहिला होता फक्त रंग. आणि रंग कोणता? लाल नाही, निळा नाही, पांढरा! ज्याला रंगच म्हणत नाहीत तो!

"बाई, मला थोडं पांढरं ग्लेझ हवंय," मी म्हणालो.

"करायला शिका," बाई म्हणाल्या. "आधी मातीचे छोटे छोटे तुकडे करा. साठेक. त्यांवर चाचण्या घ्या."

"मला एकच कप हवाय हो."

"एका कपासाठीही साठ लागतात. शंभर कपांना पण साठच."

मी विमा कंपनीत दावे तपासतो. लोकांच्या जळालेल्या दुकानांकडे आणि चेपलेल्या गाड्यांकडे थंडपणे पाहून कागदावर शेरा मारणं हे माझं पोटापाण्याचं काम. तेव्हा साठ तुकड्यांची ही मागणी मला अवाजवी वाटली आणि मी ती मनातल्या मनात फेटाळली. एका पुस्तकातून 'खात्रीचं पांढरं' असं नाव असलेली कृती उतरवून घेतली, चार पुडी पाण्यात कालवल्या आणि थेट पहिला कप आतून माखला.

भट्टी दोन दिवसांनी उघडली. कप सुंदर चकाकत होता. फक्त पांढरा नव्हता. ग्लेझ काचेसारखं आरपार झालं होतं आणि त्यातून खालची तपकिरी माती लख्ख दिसत होती. घरी नेऊन मी तो आईच्या हातात दिला. तिने खिडकीच्या उजेडाला धरला, वाकवला, सरळ केला आणि विचारलं, "चहा आधीच ओतलायस का?"

बायको ओट्याकडे तोंड करून उभी होती. तिचे खांदे हलत होते. मी ते पाहिलं नाही असं दाखवलं.

बाईंनी सांगितलं की काच पांढरी व्हायची तर तिच्यात न विरघळणारं काहीतरी तरंगत राहावं लागतं. दुधाळ धुक्यासारखं. त्यासाठी झिर्कॉन नावाची पूड घालतात. किती घालू, तर त्या म्हणाल्या, तुकड्यांवर पाहा. मी शंभराला बारा घातली आणि दुसरा कप माखला.

तो मात्र पांढरा झाला. इतका की मी स्टुडिओतून घरापर्यंत तो हातात धरून चालत आलो, पिशवीत घातला नाही. वाटेत रंगवाले भेटले. त्यांचं रंगांचं दुकान आहे, पांढऱ्याच्याच अठरा छटा ते डबे न उघडता सांगतात. त्यांनी कप उलटा केला, सुलटा केला, नखाने खरवडला आणि म्हणाले, "बरा आहे. पण टिकेल असं वाटत नाही."

"का?"

"वाटत नाही," ते म्हणाले आणि गेले. तज्ज्ञ माणसं अशीच बोलतात. मीही कचेरीत असंच बोलतो.

आईने त्यात तीन दिवस चहा प्यायला. चौथ्या दिवशी कपाच्या आत एक नकाशा उमटला. बारीक, केसासारख्या भेगा आणि त्या भेगांत मुरलेला चहा: नद्या, उपनद्या, हमरस्ते, एखादा घाट. आई म्हणाली, "पुन्हा काळं काळं दिसतंय रे." बायको रुग्णालयाच्या औषधालयात प्रमुख आहे. तिने भिंग लावून पाहिलं आणि जाहीर केलं, "या भेगांमध्ये काय काय वाढत असेल ते मी आईंसमोर सांगत नाही." कप पेनं ठेवायला गेला.

"अंगाला कपडा तंग झाला की शिवण उसवते ना, तसं झालंय," बाईंनी मला समजावलं. "भट्टी थंड होताना माती आकसते, ग्लेझ पण आकसतं. तुमचं ग्लेझ मातीपेक्षा जास्त आकसलं. तंग झालं, फाटलं. त्यात सिलिका वाढवा. गारेची, म्हणजे गारगोटीची पूड. मग कमी आकसेल."

"किती वाढवू?"

बाईंनी फक्त माझ्याकडे पाहिलं. साठ तुकड्यांचा विषय त्यांनी काढला नाही, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

स्टुडिओतली सिलिका संपली होती. मी ती थेट कारखान्यातून मागवली. कमीत कमी दहा किलोची पिशवी मिळत होती. ती निघाली, पोहोचली आणि पार्सल कार्यालयात अडकली. तिथल्या कारकुनांनी मला काचेपलीकडून विचारलं, "काय आहे यात?"

"सिलिका. गारेची बारीक पूड."

"खाद्य, औषध की रसायन?"

"वाळू हो. बारीक दळलेली वाळू."

"म्हणजे बांधकाम साहित्य. बांधकामाचा परवाना?"

"बांधकाम नाही. कप करायचाय. आईसाठी. आतून पांढरा."

त्यांनी पिशवीवरचा आकडा वाचला. मग चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. "एका कपाला दहा किलो?"

"कमीत कमी तेवढीच मिळते."

"आणि आई एकटीच पिणार त्यातून?"

शेवटी 'इतर' या रकान्यात खूण करायचं ठरलं. पण 'इतर' म्हटलं की स्वतंत्र कागदावर खुलासा जोडावा लागतो. मी जोडला. दीड पानी, मुद्देसूद, आईच्या डोळ्यांपासून ग्लेझच्या आकसण्यापर्यंत. तो घेऊन मी दुसऱ्या दिवशी गेलो. कारकुनांनी तो बोट ठेवून ठेवून वाचला, घडी घातली आणि म्हणाले, "खुलासा समाधानकारक नाही."

हे वाक्य मी तीस वर्षांत काही हजार वेळा लिहिलं असेल. ते असं समोरून आलं की कसं लागतं, हे मला त्या काचेपुढे उभं असताना कळलं. पुढच्या आठवडाभरात मी कचेरीत तीन दावे विनातक्रार मंजूर केले. साहेबांनी माझी तब्येत विचारली.

तोडगा असा निघाला की रसायनांची जाण असलेल्या जबाबदार व्यक्तीने सही करायची. तिसऱ्या दिवशी बायकोला अर्ध्या दिवसाची रजा काढून यावं लागलं. ती आत शिरताच कारकुनांनी तिला खुर्ची दिली. मी तीन दिवस उभा होतो. तिने कागद वाचला, 'जबाबदार व्यक्ती' या शब्दांवर क्षणभर थांबली, माझ्याकडे पाहिलं आणि सही केली. बाहेर आल्यावर म्हणाली, "अहो, एकच अट. हे स्वयंपाकघरात येणार नाही."

"छे! नाव काढू नकोस."

ते स्वयंपाकघरात आलं. माझा नाइलाज होता. ग्रॅमभर फरक दाखवणारा काटा घरात एकच, आणि तो स्वयंपाकघरात. स्टुडिओत बाईंचा काटा मागायचा तर साठ तुकड्यांची आठवण निघणार. मी नाकाला फडकं बांधलं, बायको कामावर असताना चारही पुडी मोजल्या आणि उरलेली पूड रिकाम्या डब्यांत भरून ओट्याखाली मागच्या बाजूला ठेवली. पांढरी सिलिका, फेल्डस्पार नावाच्या दगडाची पांढरी पूड, पांढरी खडूची पूड, पांढरी चिनी माती. डब्यांवर नावं लिहायची होती. पेन सापडलं नाही. खरं तर ते त्या भेगाळलेल्या कपात समोरच होतं, पण घाईत लक्षात आलं नाही.

याच सुमारास रंगवाल्यांनी जिन्यात मला अडवून तो अजरामर सल्ला दिला. "पांढऱ्याला नेहमी दोन हात. पहिला हात भिंत पिते, दुसरा दिसतो."

मला ते इतकं पटलं की मी एक नाही, तीन कप घेतले आणि प्रत्येकाला ब्रशने दोन दोन जाड हात दिले. सिलिका मनाने घातली. 'मनाने' म्हणजे वहीत मी तसंच लिहिलं होतं: सिलिका, मनाने.

बाईंनी भट्टी उघडली. तिन्ही कपांच्या आत ग्लेझ जागा सोडून पळालं होतं. तेलकट तव्यावर पाणी गोळा होतं तसे त्याचे टपोरे थेंब झाले होते आणि मधे मधे उघडी माती पडली होती.

"काका, किती जाड लावलंत?"

"दोन हात."

"कोणी सांगितलं?"

"एका तज्ज्ञांनी."

"कशाचे तज्ज्ञ?"

"भिंतींचे," मी म्हणालो.

आठ कपांपैकी आता तीन उरले होते. तेही एकदा भाजलेले पण ग्लेझ न लावलेले, कोरे. मी त्यांना रुमालात गुंडाळून घरी आणलं आणि कपाटात कपड्यांमागे ठेवलं. आई रोज सकाळी विचारायची, "झालं का रे?" मी म्हणायचो, "होतंय." ती म्हणायची, "सावकाश होऊ दे," आणि बाजारचा पांढरा कप दोन्ही तळव्यांत धरायची. चहा गरम असला की तिचे तळवे भाजत. गार होऊ दिला की ती तो पीतच नसे.

मग तो मंगळवार आला. रंगवाल्यांकडे त्यांच्या नातीचा वाढदिवस होता. केक करता करता त्यांच्या पत्नीचा, म्हणजे वहिनींचा, मैदा संपला आणि त्या वाटी घेऊन खाली आल्या. घरात आई एकटी होती. आईने आयुष्यात कोणाला वाटी रिकामी परत पाठवलेली नाही. ती वाकली, हाताला लागला तो डबा काढला, उघडला, पांढरं दिसलं, वाटी शिगोशीग भरून दिली. वर म्हणालीही, "नवीन दळलेला आहे हो, अगदी बारीक."

ती चिनी माती होती.

सुदैवाने तो केक कोणाच्या तोंडापर्यंत गेला नाही. आधी तो फुगेना. मग वास येईना. दीड तासाने बाहेर काढला तर सुरी आत जाईना. आठ मुलं टोप्या घालून टेबलाभोवती बसलेली आणि मधे ती फिकट, गोल, घट्ट वस्तू. संध्याकाळी मी घरी आलो तेव्हा रंगवाले ती ताटात घेऊन आमच्या दारात उभे होते. त्यांनी ती माझ्यासमोर धरली, बोटाने टकटक वाजवून दाखवली आणि गंभीरपणे म्हणाले, "एक मात्र मानलं पाहिजे. तडा एकही गेलेला नाही."

हसू मला आलं असतं. पण त्यांच्यामागे बायको जिना चढून येत होती.

तिने आवाज चढवला नाही. तो ती कधीच चढवत नाही, तेच अवघड जातं. डब्यांची ती रांग पाहून ती म्हणाली, "सही कोणाची आहे त्या कागदावर?" बस, एवढंच. मी वर जाऊन वहिनींची माफी मागितली, नातीला बाजारातून मोठा केक आणून दिला, आठही मुलांना मातीत खेळायला स्टुडिओत न्यायचं वचन दिलं. मुलांना केकपेक्षा ते जास्त आवडलं. वहिनी हसत होत्या. प्रकरण मिटलं असं मला वाटलं.

आईच्या बाजूने ते मिटलं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून ती स्वयंपाकघरात गेली नाही. खिडकीजवळच्या खुर्चीत बसून राहिली. पाणी हवं असलं तरी मागून घ्यायची. मी म्हणालो, "अगं, चूक माझी. मी नावं लिहिली नाहीत."

"लिहिली असतीस तरी मला कुठे वाचता येणार होती?" ती म्हणाली. "पोरं खाऊन बसली असती तर? मी आता कशाला हात लावत नाही. तुम्ही द्याल ते घेईन."

तो कपही तिने विचारायचा सोडला. रोज सकाळी त्या "झालं का रे?"ची मी वाट पाहू लागलो आणि तो प्रश्न येईना.

चौथ्या दिवशी बायकोने माझी ग्लेझची वही मागितली. 'सिलिका, मनाने' या ओळीवर तिने बराच वेळ बोट ठेवलं. मग म्हणाली, "मी औषधं अशी मनाने दिली असती तर आपण आज तुरुंगात भेटत असतो."

"मग काय करू?"

"तुमच्या त्या बाईंनी पहिल्याच दिवशी काय सांगितलं होतं?"

त्या रविवारी मी स्टुडिओत साठ तुकडे केले. बाईंनी मातीचा गोळा मळून माझ्यापुढे ठेवला. काटाही त्यांनी स्वतःच काढून दिला, तोंडाला बांधायचा चांगला मास्कही. मग बायकोने शिस्त घालून दिली. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. प्रत्येक तुकड्यावर आकडा. प्रत्येक आकड्याची वहीत ओळ. झिर्कॉन कमी करत करत मी इतपत आणलं की पांढरं राहील पण ग्लेझ पळणार नाही. ते जमायला तीन भट्ट्या गेल्या. पातळ, एकच हात. रंगवाल्यांना मी जिन्यात पाहिलं की फोन कानाला लावायचो.

शेवटी सिलिकेचा प्रश्न राहिला. त्यासाठी पाच तुकडे केले. पहिल्यात मूळ कृती, पुढे प्रत्येकात शंभराला पाच पाच वाढवत नेलेली. पाचही पांढरे शुभ्र निघाले. डोळ्यांना काडीचा फरक नाही. भिंगातूनही नाही. पण तसं तर त्या नकाशाच्या कपातही तीन दिवस काही दिसलं नव्हतं.

"उकळत्या पाण्यात ठेवा आणि तिथून थेट बर्फाच्या पाण्यात टाका," बाई म्हणाल्या. "तीनदा. फाटायचं असेल ते फाटेल."

शनिवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर हा कार्यक्रम झाला. एकीकडे वाफाळतं पातेलं, दुसरीकडे बर्फाचं भांडं. बायको चिमट्याने तुकडे उचलत होती, मी वही धरून होतो. तिसरी बुडी झाली, पाचही तुकडे फडक्यावर ओळीने मांडले आणि मी भिंग लावून वाकलो. काही दिसेना. बायकोने पाहिलं. तिलाही दिसेना.

"वाजलं," खिडकीतून आई म्हणाली.

"काय?"

"टिक् करून काहीतरी वाजलं."

आम्ही दोघांनी कान दिले. पंखा होता, रस्त्यावरची गाडी होती, बाकी काही नाही. "पंखा बंद करा," आई म्हणाली. त्या केकनंतर तिने कोणाला काही सांगण्याची ही पहिली वेळ. मी पंखा बंद केला. ती खुर्चीतून उठली, भिंतीला हात लावत टेबलाशी आली आणि बसली. मान किंचित वाकडी करून तिने डोळे मिटले.

"हा घे. परत वाजला. अगदी बारीक. काचेवर नख लागावं तसा."

मी स्टुडिओत बाईंना फोन लावला. त्या एकदम उत्साहात आल्या. "बरोबर आहे! ग्लेझ फाटताना वाजतं! मला सुद्धा भट्टीशेजारी कान लावून ऐकावं लागतं. काका, तो कोणता तुकडा वाजतोय ते बघा!"

मी पहिला तुकडा उचलून आईच्या कानाशी धरला. "हा?"

"हा तर बडबड्याच आहे."

"हा?"

"हा पण. थांबून थांबून बोलतोय."

तिसरा तिने बराच वेळ कानाशी धरला. त्याच वेळी दार वाजलं आणि रंगवाले आत आले. टेबलाकडे पाहून त्यांनी जोरात सुरुवात केली, "माझं ऐका, पांढऱ्याला आधी एक पिवळसर—"

"शू!" आई म्हणाली.

अठरा पांढऱ्यांचा तो जाणकार तोंड उघडं ठेवून खुर्चीच्या कडेवर बसला. पाच मिनिटं आमच्या घरात चार मोठी माणसं श्वास रोखून मातीच्या एका तुकड्याचं ऐकत होती.

"एकदाच वाजला," आई म्हणाली. "पण वाजला."

चौथा. तो तिने कानाशी धरला, टेबलावर ठेवला, पुन्हा धरला. बायको घड्याळ पाहत होती. दहा मिनिटं झाली. रंगवाल्यांच्या नाकात काहीतरी गेलं होतं, पण त्यांनी शिंक दाबली. त्यांच्याविषयीची माझी सगळी अढी त्या क्षणी गेली.

"हा गप्प आहे," आईने निकाल दिला. पाचवाही गप्प होता, पण हात फिरवून ती म्हणाली, "हा खरबरीत लागतोय. साखर सांडल्यासारखा." खरंच होतं. सिलिका जास्त झाल्याने तो नीट वितळला नव्हता. आम्हा दोघांच्या डोळ्यांना ते दिसलंच नव्हतं.

मी वहीत लिहिलं: चौथा. मग जरा थांबून पुढे लिहिलं: आईने निवडला. आणि कपाटातले कपडे बाजूला सारून ते तीन कप बाहेर काढले.

पुढच्या शनिवारी भट्टी भरली, सोमवारी सकाळी उघडली. मी कचेरीत उशिरा येतो म्हणून कळवलं होतं. तीन कपांपैकी एक तळाशी फळीला चिकटून बसला. बाईंनी तो हातोडीने काढला, कपाचे दोन झाले. दुसऱ्याच्या आत मधोमध एक काळा ठिपका पडला होता, कुठून उडाला देव जाणे. तिसरा बाईंनी उजेडात धरला. बाहेरून तोच कपाटाचा तपकिरी, आणि आत, काठापासून तळापर्यंत, पांढरा. त्यांनी चहूबाजूंनी फिरवून पाहिला आणि माझ्या हातात दिला.

"काका," त्या म्हणाल्या, "तुमच्याकडे कृती लिहिलेली आहे ना? स्टुडिओत लावू या."

मी वही उघडून दाखवली. आकडे होते. सगळे, ग्रॅमपर्यंत.

घरी आल्यावर बायकोने लगेच कप दिला नाही. लिंबाची फोड आत ठेवून एक दिवस झाकून ठेवला. आंबटाने रंग उतरला असता तर ग्लेझ कच्चं. फोड काढली तेव्हा तिच्याखालचा भाग आणि बाजूचा भाग सारखाच होता. मग तिने तो धुतला, पुसला आणि म्हणाली, "आता मी सही करते."

मंगळवारी संध्याकाळी आई खिडकीत बसली होती. मी टेबलावर कप ठेवला, शेजारी चहाची किटली ठेवली आणि काही न बोलता समोर बसलो. बोलायचं नाही असं बायकोने बजावलं होतं. आई आली. तिने कपाच्या कानात चार बोटं घातली, कप जरासा उचलून वजन पाहिलं, खाली ठेवला. किटलीकडे तिचा हात गेला आणि मधेच थांबला. ती आमच्याकडे वळली. मी वर्तमानपत्रात तोंड घातलं. बायको आधीच पुसलेला ओटा पुसायला लागली.

चहा पडायचा आवाज आला. मी वर्तमानपत्राच्या कडेवरून पाहिलं. आई वाकून कपात बघत होती. दुसरा हात मांडीवर होता. धार चालू होती, चालू होती, आणि काठाखाली बोटभर जागा राहिली असताना ती थांबली. एक थेंबही बशीत नाही.

तिने घोट घेतला. मग दुसरा.

माझ्याने राहवलं नाही. चार महिने, आठ कप, साठ तुकडे, तो दीड पानी खुलासा. मी विचारलं, "आई, कसा वाटला पांढरा?"

"पांढरा?" तिने कपात पाहिलं, मग माझ्याकडे. "पांढरा काही मला दिसत नाही रे. मला चहा दिसतोय."

आणि ती उठली, भिंतीला हात न लावता ओट्यापर्यंत गेली, आणि बायकोला म्हणाली, "सरक जरा. साखरेचा डबा कुठला ते सांग, घेते मी."